प्रिन्सचा 'वेलकम २ अमेरिका' ऐकला का? अकरा वर्षं तिजोरीत पडून होता

बेसकान

३० जुलै २०२१ला शुक्रवारी अमेरिकन गायक-संगीतकार प्रिन्सचा 'वेलकम २ अमेरिका' हा अल्बम आला आणि त्यानंतर आठवडाभर माझ्या कानात दुसरं काही शिरलेलं नाही. इथे कुणी ऐकलाय का म्हणून शोधलं तर त्याच्यावरचा शेवटचा धागा २०१६च्या एप्रिलमधला निघाला, तो गेला तेव्हाचा. म्हणून नवीन काढतोय. लांबलचक होणार आहे, पण या माणसाबद्दल मला थोडक्यात लिहिता येत नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अल्बम नवा आहे आणि जुनाही. प्रिन्स २१ एप्रिल २०१६ला गेला, ५७व्या वर्षी. ही बारा गाणी त्याने २०१० साली पेस्ली पार्कमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या स्टुडिओत रेकॉर्ड केली, अल्बम पुरा केला आणि तिजोरीत ठेवून दिला. त्याच वर्षी डिसेंबरपासून 'वेलकम २ अमेरिका' याच नावाने दौरा काढला, लोक तिकिटं काढून जाऊन आले, अल्बम मात्र आला नाही. का ठेवून दिला ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता मला जे सांगायचंय ते. मी कॉलेजपासून बेस (खालचे, जाड स्वर देणारी गिटार) वाजवतो त्यामुळे माझे कान आधी खालीच जातात. प्रिन्सचं आणि बेसचं नातं फार वेगळं आहे. १९७८चा पहिला अल्बम 'फॉर यू', त्यात सगळी वाद्यं याने एकट्याने वाजवलीयत, वय विशीच्या आत-बाहेर. पुढे १९८४ला 'व्हेन डव्ह्ज क्राय' करताना बेस वाजवलेला होता तो शेवटच्या मिक्समधून काढून टाकला, आणि बेस नसलेलं ते गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. दोन वर्षांनी 'किस' आलं, त्यातही बेस नाही. म्हणजे कुणी काय वाजवायचं आणि काय वाजवायचंच नाही हे सगळं एका डोक्यातून ठरायचं, आणि बऱ्याचदा एकाच्याच हातून व्हायचं.

आणि तोच माणूस बावन्नाव्या वर्षी टॅल विल्कनफेल्ड नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलीला बोलावतो, ती तेव्हा २३ वर्षांची, गिटारवादक जेफ बेकबरोबर वाजवून नाव झालेली, आणि तिच्या हातात अल्बमचा बेस देतो. वर तिलाच सांगतो की ड्रमर तू शोध. तिने ख्रिस कोलमनला आणलं. मग तिघं एका खोलीत बसून वाजवतात. हे ऐकू येतं हो! पहिलंच शीर्षकगीत घ्या, प्रिन्स गातही नाही, खालच्या आवाजात बोलतोय, फोनमध्ये अडकलेल्या आणि माहितीने भरून वाहणाऱ्या देशाबद्दल, मागून बायका तुटकपणे शीर्षक म्हणतायत, आणि सगळं गाणं उभंय ते त्या मुलीच्या बेसवर. ती वाक्य संपवते, तो पुढचं सुरू करतो. दोन माणसं बोलत बसलीयत असं वाटतं. तीसबत्तीस वर्षं स्वतःशीच वाजवलेल्या माणसाने दुसऱ्याला इतकी जागा द्यावी, हे मला या अल्बममधलं सगळ्यात मोठं वाटतं.

आवडती: 'बॉर्न २ डाय', '१००० लाइट इयर्स फ्रॉम हिअर', शीर्षकगीत. तुम्ही सांगा.

कॅसेटवाला

धागा काढलात, बरं वाटलं. मी १९९२ साली 'डायमंड्स अँड पर्ल्स'ची कॅसेट घेतली होती काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून, महिन्याचे साठवलेले पैसे एका फटक्यात गेले आणि घरी आईचा ओरडा. केबलवर एमटीव्ही नुकतं दिसायला लागलं होतं तेव्हा, त्यात 'क्रीम' बघितलेलं, म्हणून गेलो. ती कॅसेट अजून आहे. ते दुकान २०१६ला बंद झालं आणि त्याच वर्षी हा पण गेला, माझ्या डोक्यात ती दोन्ही दुःखं एकाच कप्प्यात आहेत.

नवीन अल्बम दोनदा ऐकला. आवाज काय लागलाय! पन्नाशीनंतर एवढा स्वच्छ फॉल्सेटो, म्हणजे तो वरच्या पट्टीतला पातळ आवाज. पण मला 'हॉट समर' नाही आवडलं, बाकीच्या गाण्यांत एवढं काही म्हणायचंय आणि मध्येच हे सुट्टीतलं गाणं कशाला? अख्ख्या अल्बमची तार तिथे ढिली पडते.

नवी_श्रोती

मी प्रिन्सचं फार काही ऐकलेलं नाहीये, पर्पल रेन सोडून. धागा वाचून अल्बम लावला. मला तर हॉट समरच सगळ्यात आवडलं, सॉरी. बाकी गाणी छान आहेत पण काही कळली नाहीत, म्हणजे फंक नेमकं कशाला म्हणायचं? नाचायचं म्हणून केलेलं गाणं आणि फंक यात फरक काय? कुणीतरी समजावून सांगा प्लीज.

मिनेसोटाकर

सॉरी कशाला म्हणता, 'हॉट समर'ला आमच्याकडे वेगळाच जिव्हाळा आहे. मी मिनियापोलिसमध्ये, म्हणजे प्रिन्सच्याच गावात, बरीच वर्षं आहे. ७ जून २०१०ला त्याच्या ५२व्या वाढदिवसाला इथल्या द करंट या रेडिओ स्टेशनवर ते पहिल्यांदा वाजलं होतं. म्हणजे बारातलं एक गाणं तरी आम्ही तेव्हाच ऐकलेलं. इथे हिवाळा सहा-सहा महिने हलत नाही, जूनमध्ये खिडक्या उघडून गाडी चालवताना ते गाणं लागलं की त्याचा अर्थ कळतो. कॅसेटवाला, एकदा त्या कानाने ऐकून बघा.

अजून एक, 'स्टँड अप अँड बी स्ट्राँग' हे त्याचं नाही, ते सोल असायलम या बँडचं, ते पण मिनियापोलिसचेच, २००६च्या अल्बममधलं. एवढ्या मोठ्या माणसाने गावातल्या दुसऱ्या बँडचं तुलनेने ताजं गाणं उचलून आपल्या अल्बमात घ्यावं. तो जगभर फिरला, पण गाव कायमचं सोडलं नाही त्याने. मधे लॉस एंजेलिसला राहिलाही, पण स्टुडिओ बांधला तो चॅनहॅसनला, शहरापासून अर्ध्या तासावर, शेतं आणि तळ्यांच्या मधे.

त्रितालप्रेमी

@नवी_श्रोती, मी तबला शिकलोय, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो, बेसकान चुकलं तर दुरुस्त करतील.

रॉकमध्ये किंवा साध्या पॉपमध्ये टाळी कुठे पडते? दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. गायक जेम्स ब्राउनने काय केलं, जोर पहिल्या मात्रेवर आणला. ते लोक त्याला 'द वन' म्हणतात. आपण सम म्हणतो. फंकमध्ये सगळे वाद्यवाले समेवर एकत्र येतात आणि मग उरलेल्या तीन मात्रांत प्रत्येकजण आपापल्या वाटेने सुटतो, बेस एकीकडे, गिटार चिक-चिक करत दुसरीकडे, ड्रम तिसरीकडे, आणि परत बरोबर समेवर भेट. आपल्याकडे सोळा मात्रा फिरून सम आली की श्रोता मान डोलावतो, तिथे दर चार मात्रांनी येते, म्हणून अंग हलायला लागतं. नाचायच्या नुसत्या गाण्यात चारही मात्रा सारख्या ठोकल्या जातात. फंकमध्ये मधल्या जागा रिकाम्या असतात, आणि खरी मजा त्या जागांत आहे. कोण कुठे वाजवत नाही ते ऐका.

प्रिन्सचे ८०च्या दशकातले ठेके बहुतेक लिन एलएम-१ या ड्रम मशीनवरचे. मला ते आवडतात, पण यंत्राची सम कधी हलत नाही. या अल्बममध्ये कोलमन वाजवतो तेव्हा सम केसभर मागे ओढल्यासारखी वाटते आणि विल्कनफेल्ड त्याला चिकटून बसलीय. दोघांनी मिळून लय धरलीय, एकाने दुसऱ्यामागे फरपटत जाणं नाही. चांगल्या साथीदाराला लोक 'हातात हात घालून चालतो' म्हणतात ना, तसं.

बेसकान

@त्रितालप्रेमी काय सांगितलंत! 'कोण कुठे वाजवत नाही ते ऐका' हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना उद्यापासून याच शब्दांत सांगणार.

थोडी भर. बेसच्या तारेवर अंगठा आपटून वाजवायची पद्धत, स्लॅप, ती रूढ केली लॅरी ग्रॅहमने, स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडच्या. तो पुढे प्रिन्सचा गुरुबंधू म्हणा, मोठा भाऊ म्हणा, तसा झाला, पेस्ली पार्कच्या जवळ राहायलाच आला, आणि त्याच्यामुळेच प्रिन्स जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथात गेला. 'सेम पेज, डिफरंट बुक' ऐकताना हे लक्षात ठेवा. पान एकच आहे, पुस्तकं वेगवेगळी, आणि तरी माणसं धर्मावरून एकमेकांच्या जिवावर उठतात, असं गाणं आहे. पंथात मुरलेला माणूस हे लिहितो याला माझ्या लेखी किंमत आहे.

निशाचरी

मी जरा वेगळं बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नका.

हा अल्बम ऐकायचा हक्क आपल्याला आहे का? ज्या माणसाने आयुष्यभर रेकॉर्ड कंपन्यांशी एकाच गोष्टीसाठी भांडण केलं, की माझं संगीत माझ्या मालकीचं, ते कधी आणि कसं बाहेर येईल ते मी ठरवणार. त्यासाठी १९९३ला नाव टाकून चिन्ह घेतलं, गालावर 'स्लेव्ह' लिहून स्टेजवर उभा राहिला, लोकांनी वेड्यात काढलं. २०१४ला कुठे जुन्या मास्टर टेप्सची, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची, मालकी परत मिळाली. आणि दोन वर्षांत गेला, मृत्युपत्र न करता. मग कोर्टाने नेमलेली बँक कारभार बघायला लागली, वारस भावंडांच्यात वाद, २०१७ला तिजोरीतला माल पेस्ली पार्कमधून उचलून कॅलिफोर्नियाला नेला. त्यातून निघालेली ही सीडी. याच अल्बममध्ये 'रनिंग गेम' आहे, नव्या कलाकारांना धंदेवाले कसे गुंडाळतात त्यावर. ते गाणं त्याच्या परवानगीशिवाय विकलं जातंय हे मला सहन होत नाही.

माझे काका कविता करायचे. ते गेल्यावर घरच्यांनी वह्यांतलं सगळं छापलं, त्यांनी काट मारलेलं सुद्धा. मी तेव्हा लहान होते, पण ते पुस्तक मला अजून उघडवत नाही.

बेसकान

@निशाचरी, वाईट कशाला वाटेल. हा प्रश्न मलाही पहिल्या दिवशी पडला आणि काकांच्या वह्यांचं वाचून पुन्हा पडला.

मी स्वतःला काय सांगितलं ते सांगतो. हे अर्धवट तुकडे जोडून केलेलं काम नाहीये. तिघांनी वाजवून झाल्यावर शेल्बी जे, लिव्ह वॉरफिल्ड आणि एलिसा फियोरिलो या तिघींचं गाणं झालं, नंतर मॉरिस हेजकडे सगळं सोपवलं की तुला वाटेल ते यात भर. हेज म्हणजे त्याचा ९०च्या दशकापासूनचा कीबोर्डवाला. आणि त्याला सहनिर्माता म्हणून श्रेय दिलं, प्रिन्सने असं श्रेय फार कमी लोकांना दिलंय. म्हणजे त्याच्या बाजूने काम संपलेलं होतं. दुसरं, 'व्हेन शी कम्स' त्याने पुन्हा नव्याने करून २०१५च्या 'हिट-न-रन फेज टू'मध्ये घेतलं, जो त्याच्या हयातीतला शेवटचा अल्बम. आणि '१००० लाइट इयर्स'चा भाग त्याच अल्बममधल्या 'ब्लॅक म्यूज'च्या शेवटी जोडला. म्हणजे त्याने हे फेकून दिलं नव्हतं, कोठारातलं धान्य होतं ते, लागेल तसं काढत होता.

निशाचरी

तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा निघतो ना. त्याला जे हवं होतं ते त्याने काढलं. पाच वर्षं हातात होती, बाकीचं नाही काढलं. ठरवून नाही काढलं.

बेसकान

हे बरोबर आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

मिनेसोटाकर

निशाचरींचं म्हणणं पटतं आणि तरी मला हा अल्बम हवा होता. का ते सांगतो.

गेल्या वर्षी, २०२०च्या २५ मेला, पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला मारलं ते ३८वी स्ट्रीट आणि शिकागो अ‍ॅव्हेन्यूचा चौक, मी तिथून कित्येकदा गेलोय. त्यानंतरचे आठवडे आम्ही काय बघितलं ते लिहायला नको. यावर्षी एप्रिलमध्ये खटल्याचा निकाल लागला तेव्हा ऑफिसातली माणसं पार्किंगमध्ये रडत होती. आणि आता हा अल्बम येतो, अकरा वर्षांपूर्वीचा, त्यात हा इथलाच मुलगा शांत आवाजात सांगतो की हा स्वतंत्रांचा देश आणि गुलामांचं घर आहे. ओरडत नाही तो कुठेच. '१००० लाइट इयर्स' केवढं ऊन पडल्यासारखं गाणं आहे, आणि त्यात म्हणतो की जमिनीवरच्या देशात ज्यांना कधी सामीलच करून घेतलं नाही त्यांना पाण्याखाली राहायला काय अवघड. मी ते गाडीत ऐकलं आणि गाडी बाजूला घेतली. २०१०ला आलं असतं तर मी 'छान चाल' म्हणून पुढे गेलो असतो कदाचित.

पेस्ली पार्क बघायला २०१८ला गेलो होतो. आत जाताना फोन एका पाकिटात बंद करून दिले, कुणी फोटो काढत नव्हतं, त्यामुळे सगळे नुसते बघत होते. स्टुडिओत उभे राहिलो तेव्हा गाईडने न प्रकाशित झालेला एक तुकडा ऐकवला. पंधरा माणसं होतो, कुणी हललं नाही. शहरात फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू नावाचा क्लब आहे, बाहेरच्या काळ्या भिंतीवर तिथे वाजवून गेलेल्यांच्या नावाचे तारे काढलेत, सगळे चंदेरी, याचा तेवढा तो गेल्यावर सोनेरी केला. मुलीला दाखवायला नेलं होतं. तिने विचारलं हे कोण, मी म्हटलं आपल्या गावचा.

कॅसेटवाला

मिनेसोटाकर, वाचून गलबललं.

'हॉट समर' परत ऐकलं, तुमच्या सांगण्यावरून. अजून आवडलं नाही पण राग गेला.

'बॉर्न २ डाय'बद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. हेजने सांगितलेली गोष्ट आहे, प्रिन्स प्राध्यापक कॉर्नेल वेस्टची भाषणं बघत असायचा, त्यात वेस्ट म्हणाले की प्रिन्स मला प्रिय आहे पण तो काही कर्टिस मेफिल्ड नाही. कर्टिस मेफिल्ड म्हणजे १९७२चं 'सुपरफ्लाय' ज्याचं, गोड आवाजात रस्त्यावरची सगळी काळोखी सांगणारा. तर याने उत्तर म्हणून गाणं केलं. वाद नाही घातला, मुलाखत नाही दिली. गाणंच केलं, आणि काय केलंय, रस्त्यावरच्या आयुष्यात अडकलेल्या एका बाईची गोष्ट, वरच्या पट्टीत, अगदी हळू, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. मेफिल्डला वाहिलेलं फूल आहे ते, नक्कल कुठेच नाही. बावन्नाव्या वर्षी, सगळं मिळवून झाल्यावर, एका वाक्याने टोचणी लागून माणूस रात्री स्टुडिओत जाऊन बसतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्रितालप्रेमी

+१. आणि त्या गाण्यात बेस किती कमी स्वर वाजवतो ते मोजा एकदा.

अल्बमच्या डीलक्स आवृत्तीत ब्लू-रे आहे, २८ एप्रिल २०११चा लॉस एंजेलिसजवळच्या द फोरममधला कार्यक्रम. तिथे २१ रात्रींचा मुक्काम केला होता त्याने आणि बरीचशी तिकिटं २५ डॉलरला ठेवली होती, साध्या माणसाला परवडावं म्हणून. पण अल्बमवरची ती त्रयी तिथे नाही, बेसवर इडा नील्सन आहे, डेन्मार्कची. ती पण जबरदस्त, पण वेगळी, तिचा अंगठा आपटतो आणि विल्कनफेल्डचं बोट गातं. दोन्ही पाठोपाठ ऐका.

निशाचरी

कॅसेटवालांचं वाचून 'बॉर्न २ डाय' ऐकलं. एकदा ऐकायचं म्हणून लावलं, तीनदा ऐकलं. माझं मत तेच आहे, मी अल्बम विकत घेणार नाही. पण आवाज ऐकताना सारखं वाटत होतं की हा माणूस जिवंत असायला हवा होता, कुठल्या तरी खोलीत बसून हे 'नाही, अजून नाही' म्हणायला.

नवी_श्रोती

@त्रितालप्रेमी खूप खूप थँक्यू, तुम्ही सांगितल्यावर सम शोधत बसले आणि सापडली!! आता 'सेम पेज डिफरंट बुक'मध्ये मान आपोआप हलते.

काल रात्री बेसकाननी सांगितलेलं ते १९८४चं डव्ह्जवालं गाणं पहिल्यांदा नीट ऐकलं. बेस नाही हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं, पण कळल्यावर खालून सगळं मोकळं वाटायला लागलं, जिना उतरताना एक पायरी नसावी तसं. आणि मग लगेच वेलकम २ अमेरिका लावलं. तिचा बेस सुरू झाला आणि खोलीत कुणीतरी आल्यासारखं वाटलं. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी विचारलं कोण आहे गं हे. मी म्हटलं बेसवर एक मुलगी आहे, २३ वर्षांची, माझ्याहून एक वर्षाने लहान. त्यांनी पेपर खाली ठेवला.

बेसकान

बाबांना 'बॉर्न २ डाय' ऐकवा. आणि काय म्हणाले ते इथे लिहा, वाट बघतोय.